जुन्या मोटारीला नवे एंजिन

कोलकात्याहून हुगळी नदीच्या पश्चिम तीराने उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘हिंद मोटर’ या नावाचे एक स्थानक आहे. उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यावरून हे नाव पडले. कंपनीची स्थापना १९४२ मध्ये झाली. गुजरातेतील ओखा बंदरात आरंभ करून तिने १९४८ मध्ये आपले बस्तान बंगालमध्ये हलविले. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली अँबॅसडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस येथे तयार होऊ लागली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

या अर्धशतकाहून अधिक काळात अँबॅसडरचे बाह्य रूप फारसे बदलले नाही. परंतु तिचे एंजिन मात्र अनेकदा बदलले. प्रथम १,४७६ घनसेंटिमीटरचे, बाजूस झडपा असलेले एंजिन होते. त्याच्या जागी लवकरच १,४८९ घनसेंटिमीटरचे, माथ्यावर झडपा असलेले एंजिन आले. १९८० च्या सुमारास डिझेल एंजिन आले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या इसुझू कंपनीच्या रचनेचे १,८१७ घनसेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन बसविण्यात आले. म्हणजे जुन्या देहात नव्या पिढीचे हृदय बसविण्याचा प्रयोग या कारखान्याने स्वतःच पुन्हा पुन्हा केला, असे म्हणावयास हरकत नाही.

हाच प्रयोग आपल्या घराच्या अंगणात करून पाहावा, असे जुन्या मोटारींच्या पुष्कळ शौकिनांस वाटते. कोलकात्यात अशा शौकिनांची वाण नाही. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या वतीने भरणारी जुन्या मोटारींची शर्यत तेथे १९६० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे, आणि मल्लिक बाजारात जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या रांगाच आहेत. परंतु कारखान्याजवळ आराखडे काढणारे अभियंते असतात, चाचणीची साधने असतात; घरी काम करणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते. म्हणूनच एंजिन बदलले असता मोटारीत आणखी काय काय बदलावे लागते, आणि का, हे त्याने आधी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत पुस्तिकेत त्याचाच विचार करावयाचा आहे.

एकाच कुळातील भावंडे

उदाहरणासाठी आपण एक जुनी स्पोर्ट्स मोटार घेऊ. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात एम.जी.ए. नावाची दोन आसनांची मोटार तयार होत असे. तिचे आरंभीचे एंजिन १,४८९ घनसेंटिमीटरचे होते. हा आकडा वाचकांनी नुकताच वाचला आहे. अँबॅसडरचे एंजिन आणि हे एंजिन एकाच कुळातील होत; त्या कुळास ‘बी मालिका’ असे नाव होते. कोलकात्याच्या टॅक्सीत जे एंजिन सुमारे पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती देई, तेच एम.जी.ए. मोटारीत दोन कार्ब्युरेटर जोडल्यामुळे आणि मिश्रण अधिक दाबल्यामुळे सुमारे सत्तर अश्वशक्ती देत असे.

आता या मोटारीला अधिक शक्तीचे एंजिन बसवावयाचे आहे, असे समजू. दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग म्हणजे त्याच कुळातील धाकटे भावंड आणणे. १९६२ मध्ये निघालेल्या एम.जी.बी. या मोटारीचे १,७९८ घनसेंटिमीटरचे एंजिन हे असे भावंड होय. दुसरा मार्ग म्हणजे अगदी परक्या कुळातील एंजिन आणणे; उदाहरणार्थ, वर सांगितलेले इसुझूचे १,८१७ घनसेंटिमीटरचे. दोघांचे आकारमान जवळजवळ सारखे आहे. तरीही त्यांच्या अंतरंगात मोठा फरक आहे.

एंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होतो. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव या दोन मापांवरून एंजिनाचे आकारमान ठरते. १,४८९ च्या एंजिनात व्यास सुमारे ७३ मि.मी. आणि धाव ८८.९ मि.मी. आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्यास धावेने आणि चार सिलिंडरांच्या संख्येने गुणले असता हाच आकडा मिळतो. विद्यार्थ्यांनी हे गणित अवश्य करून पाहावे. एम.जी.बी. च्या एंजिनात धाव तीच ठेवून व्यास मात्र ८०.२६ मि.मी. केला. इसुझूच्या एंजिनात व्यास ८४ आणि धाव ८२ मि.मी. आहे. म्हणजे इंग्रजी एंजिन उंच व अरुंद, तर जपानी एंजिन ठेंगणे व रुंद.

हा फरक केवळ आवडीनिवडीचा नाही. इंग्लंडमध्ये १९४७ पर्यंत मोटारींवरील कर सिलिंडरच्या व्यासावरून आकारला जाई. धाव कितीही लांब असली तरी कर वाढत नसे. साहजिकच तेथील अभियंत्यांस अरुंद सिलिंडर आणि लांब धाव यांची सवय जडली. कर रद्द झाला तरी यंत्रसामग्री आणि आराखडे एका दिवसात बदलत नाहीत. १९४७ च्या ऑस्टिन ए-४० मोटारीच्या एंजिनात धाव ८८.९ मि.मी. होती, आणि तीच पुढे बी मालिकेतही राहिली. करवसुलीचा एक जुना नियम अशा रीतीने उत्तरपाड्याच्या कारखान्यापर्यंत येऊन पोहोचला.

लांब धावेचा परिणाम असा की, मिनिटास ५,००० फेरे होत असता ८८.९ मि.मी. धावेचा दट्ट्या सेकंदास सरासरी १४.८ मीटर वेगाने धावतो, तर ८२ मि.मी. धावेचा दट्ट्या १३.७ मीटर वेगाने. वेग जितका अधिक तितके घर्षण अधिक आणि जोडदांड्यांवरील ताणही अधिक. शिवाय रुंद सिलिंडरच्या माथ्यावर मोठ्या झडपांना जागा मिळते, त्यामुळे एंजिनाचा श्वास मोकळा होतो. नव्या एंजिनाचा मोठा लाभ आहे तो येथे.

बसेल काय?

एंजिन बदलण्याच्या कामात पहिले हत्यार पाना नव्हे, तर मोजपट्टी होय. नव्या एंजिनाची लांबी, रुंदी आणि उंची मोजून ते बॉनेटखाली मावते किंवा नाही, हे पाहणे सोपे आहे. परंतु खरी अडचण कोपऱ्यांत असते. एंजिनाच्या तळाशी तेलाचे पात्र असते. आपले कारागीर त्यास ‘चेंबर’ म्हणतात. त्याचा खोल भाग पुढे आहे की मागे, यावर मोटारीच्या सांगाड्याचा आडवा तुळवट त्याच्या आड येतो किंवा नाही, हे अवलंबून असते.

बाजूंचाही विचार करावा लागतो. बी मालिकेच्या एंजिनात मिश्रण आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी अशा दोन्ही नळ्या डाव्या बाजूस आहेत. आपल्या देशात मोटारीचे चक्र उजवीकडे असते. म्हणून चक्राच्या दांड्यास उजवी बाजू मोकळी मिळते. पुष्कळ नव्या एंजिनांत मात्र मिश्रण एका बाजूने आत जाते आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. तेव्हा यांपैकी एक नळी चक्राच्या दांड्याजवळ येणारच. ती धुराची असेल तर तिच्या आचेपासून जवळच्या ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्यांचे संरक्षण करणे आवश्यक होते.

आता एंजिन आणि गिअरबॉक्स यांची गाठ पाहू. एंजिनाचा क्रँकदांडा आणि गिअरबॉक्सचा आत शिरणारा दांडा यांचे मध्यबिंदू एकाच सरळ रेषेत असले पाहिजेत. ही रेषा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून फारशी चुकली तर दांडा प्रत्येक फेऱ्यास वाकू पाहतो. आरंभी काही जाणवत नाही. परंतु काही दिवसांनी क्लच थरथरू लागतो, बेअरिंग आवाज करते आणि शेवटी दांड्याचे दाते झिजून जातात. परक्या कुळातील एंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडावयाचे असल्यास मध्ये जाड धातूची तबकडी घालावी लागते. हावड्याच्या बेलिलियस रोडवर लेथ चालविणारे असंख्य लहान कारखाने आहेत. तेथील निष्णात कारागीर अशी तबकडी उत्तम कातून देतो. परंतु मापे अचूक देण्याची जबाबदारी मालकाची असते.

याच कारणास्तव अनुभवी मंडळी एंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेतात. उत्तरपाड्याच्या कारखान्यानेही तेच केले; इसुझूच्या एंजिनाबरोबर अँबॅसडरला पाच गतींचा गिअरबॉक्स मिळाला. एकाच कुळातही सर्व काही आपोआप जुळते असे नाही. एम.जी.बी. च्या आरंभीच्या एंजिनात क्रँकदांड्यास तीन मुख्य बेअरिंगे होती. १९६४ च्या अखेरीपासून ती पाच झाली. त्याबरोबर दांड्याच्या मागच्या टोकाचा आकार बदलला, आणि म्हणून जुने फ्लायव्हील नव्या दांड्यावर तसेच बसत नाही. एम.जी.ए. मोटारीत एंजिन ज्या पुढच्या पत्र्यावर तोललेले असते तो पत्रादेखील जुन्या एंजिनावरून उतरवून नव्यावर चढवावा लागतो.

मागच्या चाकांपर्यंतचा प्रवास

गिअरबॉक्समागे प्रोपेलर शाफ्ट नावाचा लांब दांडा असतो. तो मागच्या आसापर्यंत शक्ती पोहोचवितो. त्याच्या दोन्ही टोकांस फुलीच्या आकाराचे सांधे असतात. असा सांधा वाकलेल्या स्थितीत फिरू लागला की पुढील दांड्याचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दहा अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे दीड टक्का असतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील आणि दोन्ही सांधे योग्य दिशेने बसविलेले असतील, तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. नवे एंजिन जागेत बसावे म्हणून कोणी ते मागे झुकविले, तर हा समतोल बिघडतो आणि एका विशिष्ट वेगास सबंध मोटार गुणगुणू लागते. मग बिचाऱ्या एंजिनास दोष दिला जातो. वास्तविक चूक कोनाची असते.

मागच्या आसातील दंतचक्रांचाही विचार करावा. एम.जी.ए. मध्ये प्रोपेलर शाफ्टचे ४.३ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा परीघ दोन मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगास एंजिनाचे मिनिटास सुमारे २,८७० फेरे होतात. एम.जी.बी. मध्ये हेच प्रमाण ३.९ च्या जवळ आहे. म्हणून त्याच वेगास सुमारे २,६१० फेरे पुरतात. अधिक शक्तीचे एंजिन असेल तर असे संथ प्रमाण परवडते, आणि आवाज व इंधन या दोहोंची बचत होते.

उष्णता, वीज आणि इंधन

पेट्रोलमध्ये जी ऊर्जा असते तिचा सुमारे चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो. उरलेल्यापैकी काही धुरावाटे जाते आणि काही पाण्यावाटे रेडिएटरमध्ये जाते. शक्ती वाढली म्हणजे रेडिएटरवरील भारही वाढणार, हे उघड आहे. इंग्लंडच्या थंड हवेसाठी योजलेला रेडिएटर वैशाखातील कोलकात्यात, गर्दीच्या चौकात उभ्या असलेल्या मोटारीत पुरा पडेलच असे नाही. मोटार धावत असता वारा आपोआप मिळतो. उभी असता केवळ पंख्यावर भिस्त असते. म्हणून चाचणी मोकळ्या रस्त्यावर न घेता, दुपारच्या वेळी उभ्या मोटारीवर घ्यावी.

विजेच्या बाबतीत एक सापळा आहे. जुन्या इंग्रजी मोटारींत बॅटरीचे धन टोक मोटारीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेले असे. आधुनिक मोटारींत ऋण टोक जोडतात. नव्या एंजिनावर डायनामोऐवजी आल्टरनेटर असतो आणि त्यातील अर्धवाहक पदार्थांचे डायोड वीज एकाच दिशेने वाहू देतात. टोके उलटी जोडली गेली तर हे डायोड क्षणार्धात जळून जातात. तेव्हा नवे एंजिन बसविण्यापूर्वी सबंध मोटारीची वीजजोडणी तपासून दिशा बदलून घ्यावी लागते.

इंधनातही काळानुसार फरक पडला आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. हे शिसे जुन्या बिडाच्या झडपांच्या बैठकांवर एक पातळ लेप देऊन त्यांचे रक्षण करीत असे. ते गेल्यावर दीर्घकाळ वेगाने चालणाऱ्या जुन्या एंजिनात या बैठका झिजू लागतात. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले, आणि ते वीस टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. जुन्या काळच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि मऊ पडतात. एंजिन नवे बसवून नळ्या मात्र जुन्याच ठेवणे म्हणजे तापलेल्या धूरनळीशेजारी पेट्रोलची गळती ओढवून घेणे होय. आगीचे याहून सोपे निमंत्रण दुसरे नाही.

कोलकात्याच्या मालकाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यात तेथील ठनठनिया, अॅमहर्स्ट स्ट्रीट यांसारख्या सखल भागांत गुडघाभर पाणी साचते. नव्या एंजिनाची हवा घेणारी नळी जागेअभावी खाली वळविली असेल, तर ती पाणी ओढून घेते. हवा दाबता येते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि जोडदांडा वाकतो. म्हणून हवेच्या नळीचे तोंड शक्य तितके उंच ठेवावे.

धावण्याआधी थांबण्याचा विचार

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची होय. गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकासह १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात सुमारे २४७ किलोज्यूल ऊर्जा असते. वेग ११० झाला तर ती सुमारे ४६७ किलोज्यूल होते. वेग दीडपटही झाला नाही, ऊर्जा मात्र जवळजवळ दुप्पट झाली. मोटार थांबविताना ही सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखा असल्यामुळे ही उष्णता आतच कोंडते. लायनर तापून गुळगुळीत होते आणि पायाखालचे पॅडल दाबूनही मोटार थांबत नाही.

ॲबिंग्डनच्या अभियंत्यांनी हे ओळखले होते. १९५९ मध्ये एम.जी.ए. चे एंजिन १,५८८ घनसेंटिमीटरचे झाले, तेव्हाच तिच्या पुढच्या चाकांस उघड्या हवेत थंड होणारे डिस्क ब्रेक देण्यात आले. आकारमानातील वाढ अवघी शंभर घनसेंटिमीटरची होती. तरी त्यांनी ब्रेक बदलले. घरी काम करणारा मनुष्य तीनशे घनसेंटिमीटरची वाढ करतो आणि ब्रेकचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलतो, तेव्हा तो स्वतःच्याच नव्हे, तर रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाशीही खेळत असतो. योग्य क्रम असा आहे: प्रथम ब्रेक, मग सुकाणू आणि स्प्रिंगा, आणि सर्वांत शेवटी एंजिन.

प्रत्यक्ष कामाच्या वेळीही जिवाची काळजी घ्यावी. बिडाचे एंजिन दीडशे किलोग्रॅमहून अधिक भरते. ते घराच्या वाशाला दोर बांधून कधीही उचलू नये. योग्य क्षमतेची साखळीची कप्पी आणि भक्कम तिवई वापरावी. टांगलेल्या एंजिनाखाली किंवा नुसत्या जॅकवर तोललेल्या मोटारीखाली शिरू नये. आरंभीच बॅटरी सोडवावी आणि टाकीतील पेट्रोल काढून दूर ठेवावे. सोडविलेल्या प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी. हे काम कंटाळवाणे वाटते. परंतु चिठ्ठी न बांधणाऱ्यास पुढे याहून कितीतरी अधिक कंटाळा सोसावा लागतो.

कायदा आणि वारसा

एंजिनाचा क्रमांक मोटारीच्या नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात याच तत्त्वाचा पुनरुच्चार केला. तेव्हा नोंदणी अधिकाऱ्यास आधी विचारावे आणि पाना नंतर हाती घ्यावा. त्याच प्रकारचे एंजिन बसविणे आणि परक्या प्रकारचे एंजिन बसविणे या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. परवानगी नसलेल्या मोटारीस अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद उद्भवण्याचाही संभव असतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जतन केलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिच्या क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. परंतु तिच्या सांगाड्यात, देहात किंवा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे ज्या मोटारीचे एंजिन बदलले, ती कदाचित अधिक वेगाने धावेल. पण वारसा म्हणून मिळणारा मान मात्र गमावून बसेल. असा मान मिळालेली मोटारही नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा आपणास रोज वापरावयाची मोटार हवी आहे की इतिहासाचे एक पान जपावयाचे आहे, हा प्रश्न मालकाने आरंभीच स्वतःस विचारावा.

या दोन वाटांमध्ये एक मध्यम मार्ग आहे. सांगाडा कापू नये, जुनी भोके बुजवू नयेत. नवे आधार बोल्टांनी जोडावे, जोडकामाने वितळवून नव्हे. काढलेल्या जुन्या एंजिनाच्या सिलिंडरांत तेल सोडून, तोंडे बंद करून ते कोरड्या जागी ठेवावे. बंगालच्या दमट हवेत उघडे ठेवलेले एंजिन एका पावसाळ्यात गंजून जाते. असे केल्याने पुढील पिढीतील एखाद्यास ती मोटार पुन्हा मूळ रूपात आणता येईल.

अनेकदा असेही आढळून येते की, जुने एंजिन दुबळे झालेले नसून केवळ उपेक्षित असते. सिलिंडर पुन्हा कातून घेणे, झडपांच्या बैठकांस कठीण धातूच्या कड्या बसविणे, कार्ब्युरेटर स्वच्छ करणे आणि ठिणगीची वेळ अचूक लावणे, एवढ्याने पुष्कळदा हरवलेली शक्ती परत मिळते. एंजिन बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरमधील दाब एकदा मोजून पाहावा. तो आकडा चांगला आला, तर नव्या एंजिनासाठी मल्लिक बाजाराची वाट धरण्याचे कारणच उरणार नाही.